पहिल्या लॉटची रॅम

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. डोंबिवलीच्या घरात आतली खोली म्हणजेच माझं ऑफिस. २०२१ च्या पावसाळ्यापासून जुना पीसी फोर-के फुटेज बघितलं की धापा टाकायला लागला. नोव्हेंबरात इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आले, तेव्हा म्हटलं, आता मलमपट्टी पुरे, नवीनच घेऊ.

मेख अशी होती की हे प्रोसेसर रॅमची जुनी पिढी डीडीआर४ पण चालवतात आणि नवी पिढी डीडीआर५ पण. मदरबोर्ड मात्र दोन्हींपैकी एकच घेतो. पट्टीवरची खाच वेगळ्या जागी, दुसरी बसतच नाही. बोर्ड घेतला की रॅमचा निर्णय झालाच.

लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या नेहमीच्या दुकानात शेठ स्वतः म्हणाले, "साहेब, डीडीआर४ घ्या, तुमचं काम आरामात होईल." दुकानदार स्वस्तातलं घ्या म्हणतोय आणि गिऱ्हाईक महागाच्या मागे! पण पुढे रॅम वाढवायची वेळ आली तर बोर्ड फेकायला नको, असा माझा हिशोब. ३२ जीबीची डीडीआर४ समोर ११ हजारांत पडलेली. तेवढ्याच डीडीआर५ ला २६ हजार, तेही आगाऊ भरून, आणि वर "माल आला की फोन करतो."

माल येईना. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळायचं काम मदरबोर्डावरून काढून रॅमच्या पट्टीवरच दिलंय. त्यासाठी प्रत्येक पट्टीवर नखाहून लहान अशी एक चिप असते, आणि नेमक्या त्या चिपचा तेव्हा जगभर तुटवडा. बोर्ड आणि प्रोसेसर कपाटात वॉरंटी खात बसले आणि मी मार्गशीर्षातली लग्नं जुन्याच मशीनवर कशीबशी उरकली. पौषात मुहूर्त नव्हते म्हणून वाचलो. जानेवारी संपता संपता शेठचा फोन आला.

असेंबल केलं, बटण दाबलं. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, स्क्रीन काळी. अर्धा मिनिट थांबलो आणि बंद केलं. पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी घाम फुटला. शेठना फोन लावला तर म्हणाले, "बंद करू नका, नुसतं बघत बसा." पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि मी दर वेळी ते अर्ध्यावर मोडत होतो! चहा करून परत आलो तर बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगची स्क्रीन, समोर.

रॅमच्या खोक्यावर वेग ५२०० लिहिलेला. रॅमला तो वेग देणारं सेटिंग, एक्सएमपी, चालू केलं, विंडोज झकास चाललं. रात्री एका हळदीच्या व्हिडिओचा रेंडर, म्हणजे अंतिम फाइल बनवायचं काम, लावून झोपलो. सकाळी बघतो तर ७१ टक्क्यांवर मशीन रिस्टार्ट. पुढच्या रात्री रॅम तपासणारा प्रोग्राम, मेमटेस्ट, लावला, तर सकाळी चुकांच्या लाल ओळींची रांग. मग प्रोसेसरचे कागद नीट वाचले. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या लावल्या तर इंटेलची हमी फक्त ४४०० ची. बाकीचं आपल्या नशिबावर. एप्रिलपर्यंत तीन बायोस अपडेट केले, तेव्हा कुठे ५२०० ला मशीन स्थिर झालं. तोवर ४४०० वर रखडलो.

कल्याणच्या एका मित्राकडे हाच प्रोसेसर, पण डीडीआर४ वर. एकच प्रोजेक्ट दोघांनी रेंडर केला. वीस मिनिटांच्या कामात मी ४० सेकंद पुढे. ४० सेकंदांसाठी १५ हजार जास्तीचे! कारण कागदावरच होतं. त्याची ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती ठोके थांबते तो आकडा), म्हणजे पहिला डेटा हातात यायला १० नॅनोसेकंद. माझी ५२०० सीएल४०, म्हणजे १५ च्या वर. एकदा ओघ सुरू झाला की माझी जास्त वाहून आणते, पण हाक मारल्यावर ओ द्यायला उशीर करते.

२०२३ मध्ये तोच सेट ९ हजारांना मिळायला लागला. चार स्लॉट आहेतच, म्हणून आणखी एक घेतला, ६४ जीबी करायला. चार पट्ट्यांवर ५२०० ला मशीन उठेचना. पुन्हा कागद काढले. चार पट्ट्यांना ४०००. याच सोयीसाठी मी मुळात डीडीआर५ चा बोर्ड घेतला होता, हे बायकोला सांगितलेलं नाही. नवीन दोन काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात शेठचा फोन. "साहेब, त्या दोन जास्तीच्या पट्ट्या आहेत का अजून? १६ हजार देतो." मी म्हटलं, बघून सांगतो. ड्रॉवर उघडून बघितलं. आहेत. अजून काही कळवलेलं नाही.