पेलिमान्नी

आज दिवसभर कानात फिनलंडमधल्या काउस्तिनेन गावचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, चालूय आणि डोक्यात एकच शब्द घोळतोय, पेलिमान्नी. फिनलंडमधे गावातल्या लग्नांत, नाचाला वाजवणारा जो वादक असतो ना, तो पेलिमान्नी.

शब्द मुळात स्वीडिश, स्पेलमान. स्पेल म्हणजे खेळ आणि वादनही, मान म्हणजे माणूस. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता त्यामुळे असे ढिगाने शब्द तिकडून आले, पण जुन्या फिनिश बोलीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालायचंच नाही, मग पुढचा स गळाला, मधे इ आली, मागे ई लागली, न दुप्पट झाला, झाला पेलिमान्नी! स्वीडिश स्टूल म्हणजे खुर्ची, तिचं तुओली आणि ग्लासचं लासी पण असंच झालंय. आपल्याकडे खेड्यात स्टेशनचं ठेसन झालं तसंच अगदी, ऐकलं आणि आपल्या जिभेला जमेल तसं म्हटलं. मला हे फार आवडतं, कारण हे वादकही तसेच, नोटेशन वगैरे बाजूला, मोठ्यांचं ऐकून ऐकून उचललेलं.

काउस्तिनेन हे तसं छोटंसं गाव, पण १९६८ पासून तिथे दर उन्हाळ्यात लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो आणि २०२१ मधे तिथल्या फिडलवादनाची परंपरा युनेस्कोच्या यादीत गेली. तिथला सगळ्यात लाडका पेलिमान्नी म्हणजे कोन्स्ता युल्हा (१९१०–१९८४). त्याच्या ग्रुपमधे दोन फिडल, एक डबल बेस आणि चक्क हार्मोनियम, म्हणजे आपली पेटीच, फक्त त्यांची पायाने भाता मारायची. पेटी खालून सूर धरून ठेवते आणि वर दोन्ही फिडल एकमेकांना बिलगून जातात, वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची चाल, असली तरी आत कुठेतरी हुरहूर लागतेच. आज तोच तुकडा परत परत लावला.

आणि अजून एक, तिथे नावाजलेल्या वादकांना मेस्तारिपेलिमान्नी असा किताब देतात. हा मेस्तारी म्हणजे उस्ताद, आणि त्याचं मूळ लॅटिन मागिस्तेर. तेच पोर्तुगीजांकडून येऊन आपल्या कोकण-गोव्यात मेस्त्री झालं आणि इंग्रजीतून येऊन मास्तर! आता मेस्तारिपेलिमान्नी म्हणताना मला तो किताब अजिबात परका वाटत नाही.