मानचिन्हं आणि एक नकाशा

भाच्याच्या एसएसबी (लष्करी अधिकारी निवडीच्या) मुलाखतीच्या तयारीपायी आज दुपारभर जनरल एस. पी. पी. थोरातांच्या संगतीत होतो. आपल्या कोल्हापूरकडचे, पण मराठी घरांतही हे नाव फारसं निघत नाही, याचं नवल वाटतं.

जानेवारी १९४५ला ब्रह्मदेशात कांगॉची लढाई झाली. एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. पुढे कोरियन युद्धानंतर तिथल्या युद्धकैद्यांवर देखरेखीला गेलेल्या भारतीय फौजेचे ते प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः छावणीत गेले आणि त्याला सोडवून आणलं. त्याबद्दल अशोकचक्र, वर्ग दोन; म्हणजे आजचं कीर्तिचक्र. शिवाय पद्मश्री वगैरे.

पण मी अडकलो तो १९६०पाशी. पूर्व विभागाचे प्रमुख असताना लखनौला त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेतला. नेफात (आजच्या अरुणाचलात) चीन कसा उतरेल, आपल्याला किती फौज लागेल, सगळं मांडलं. दिल्लीने मनावर घेतलं नाही. १९६१ला ते निवृत्त झाले, लष्करप्रमुखपद थापरांकडे गेलं. (इथे भाचा चिडला. मीही.) ऑक्टोबर १९६२ला चिनी फौजा नेफात उतरल्या. मग नेहरूंनी थोरातांना सल्ल्यासाठी बोलावून घेतलं!