तुम्ही विचारलंत म्हणून: पॅरिसच्या रस्त्यावर मिलिटरी बघून कसं वाटतं?

दिवाळीच्या फोनवर, कुणाच्या लग्नात, इथे फिरायला आलेल्या प्रत्येकाकडून हा प्रश्न येतोच. आयफेल टॉवरपाशी रायफली घेतलेले चार सैनिक दिसले की फोटो काढून मला पाठवायचा आणि विचारायचं, अगं एवढी मिलिटरी रस्त्यावर, सेफ वाटतं की भीती वाटते? आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य तयार असतं, आपल्याकडे पण अशीच लावायला पाहिजे, स्टेशनांवर, देवळांत. इतकी वर्षं मी "सवय झाली" म्हणून विषय बदलत आले. सवय झालेली नाहीये. म्हणून एकदा नीट लिहिते, परत विचारलंत तर हेच वाचायला देईन.

आधी हे सांगते की मला ते हवे आहेत. म्हणजे निदान एका ठिकाणी तरी हवेत. आमच्या घरामागच्या गल्लीत ज्यू मुलांची शाळा आहे. 2012 मध्ये तुलूझला अशाच शाळेत शिरून एकाने तीन मुलं आणि एका शिक्षकाला मारलं होतं, त्याआधीच्या काही दिवसांत त्याच माणसाने तीन सैनिकही मारले होते. जानेवारी 2015 मध्ये शार्ली एब्दो या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाच्या ऑफिसवर आणि मग ज्यू लोकांच्या कोशर दुकानावर हल्ला झाला, आणि 12 तारखेला सरकारने दहा हजार सैनिक रस्त्यावर उतरवले, या तैनातीचं नाव ऑपरेशन सेंटिनेल. आमच्या गल्लीत दोघं येऊन उभे राहिले. खालच्या मजल्यावरच्या आजींचा नातू त्या शाळेत जातो, त्या थंडीत त्यांना थर्मासमधून कॉफी नेऊन द्यायच्या आणि मला म्हणायच्या की आता निदान रात्री झोप लागते. त्यामुळे मला उगाच "तुम्हा लोकांना मिलिटरीचा राग" वगैरे ऐकवू नका. मला त्या आजींची झोप माहितीये.

पण तेव्हा, 2015 मध्ये, मी जेवणाच्या टेबलावर तावातावाने म्हणायचे की हा सगळा देखावा आहे, लोकांना दाखवायला उभे केलेत. नोव्हेंबरमध्ये पॅरिसमधल्या बाताक्लाँ या कॉन्सर्ट हॉलवर हल्ला झाला तेव्हा तर माझी खात्रीच पटली. आत नव्वद माणसं मारली गेली, पहिला आत शिरला तो एक पोलीस अधिकारी आणि त्याचा एक साथीदार, हातात फक्त पिस्तुलं, आणि बाहेर सेंटिनेलचे सैनिक पोचलेले होते पण त्यांना आत जायची ऑर्डर नव्हती, पोलिसांनी निदान रायफल तरी द्या म्हटलं तर तीही देता आली नाही. संसदेच्या चौकशी समितीत हे सगळं निघालं आणि 2016 च्या रिपोर्टमध्ये त्यांनी सरळ विचारलं की या तैनातीचा नक्की उपयोग किती. मग ऑक्टोबर 2017 मध्ये मार्सेयच्या स्टेशनवर एकाने दोन तरुण मुलींना सुरीने मारलं आणि त्याला गोळी घातली ती याच पेट्रोलिंगवरच्या सैनिकाने. तो तिथे नसता तर त्याने आणखी किती जणांना मारलं असतं? 2015 मधल्या मला मी हे विचारते, तर ती म्हणते, त्या दोघी तरी कुठे वाचल्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता ज्यामुळे हे लिहिते ते. मार्च 2017, पाडव्याच्या आधीचा रविवार. आठच दिवसांपूर्वी ऑर्ली विमानतळावर एकाने पेट्रोलिंगवरच्या महिला सैनिकाला मागून धरून तिची रायफल खेचायचा प्रयत्न केला होता, तिच्या सोबतच्यांनी त्याला गोळ्या घातल्या. आम्ही दोघं एका मोठ्या स्टेशनवर होतो, पाडव्याचं सामान घेऊन परत निघालेलो, आणि नवरा सकाळी नेट्सला जाऊन आलेला त्यामुळे त्याच्या खांद्यावर ती लांबलचक क्रिकेट किट बॅग. ट्रेन सुटायला आली होती म्हणून तो पुढे पळाला. समोर तीन सैनिक चालले होते, त्यांच्या बाजूने निघून जायचं म्हणून तो अगदी त्यांच्या पाठीशी पोचला, आणि शेवटची जी होती ती मुलगी गर्रकन वळली, एक पाऊल मागे गेली आणि रायफलची नळी वर आली. ती ओरडली, मागे हो. हा जागच्या जागी थिजला. बॅग खांद्यावरून घसरून खाली पडली, बॅटची मूठ चेनमधून बाहेर आलेली. दोन्ही हात वर, एका हातात फोन. आसपासची माणसं सरसर बाजूला झाली. मी मागून मराठीत ओरडले, अरे हलू नकोस, आणि तो आवाज ऐकून दुसरा सैनिक माझ्याकडे वळला. मग मी तोंड मिटलं. आपल्या भाषेत आपल्याच नवऱ्याला काही बोललं तर त्याचा जीव जाईल, हे मला त्या क्षणी कळलं आणि ते अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही.

सैनिकांना कुणाचं ओळखपत्र मागायचा अधिकार नसतो, ते पोलिसांचं काम. म्हणून पोलीस येईपर्यंत सगळे तसेच उभे. मोठ्या हुद्द्याच्या सैनिकाने विचारलं बॅगेत काय, हा म्हणाला क्रिकेट, त्याला काही कळलं नाही. पोलीस आले, कागद बघितले, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट सगळं एकेक करून प्लॅटफॉर्मवर मांडलं, परत भरायला सांगितलं. ती मुलगी तोवर बाजूला उभी होती, फार तर वीस वर्षांची असेल, चेहरा पांढरा पडलेला आणि हात थरथरत होता. जाताना ती त्याला सॉरी म्हणाली. तो म्हणाला, काही नाही, ठीक आहे.

ठीक नव्हतं. तो अजून खेळतो पण किट घेऊन ट्रेनने जात नाही, टीममधल्या कुणाच्या तरी गाडीत टाकतो. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

हे सांगितलं की तुमच्यातले अर्धे म्हणतात, मग कंप्लेंट का नाही केलीत, आणि उरलेले म्हणतात, पळायचं कशाला मग. दोन्हीचा मला त्रास होतो. तो गोऱ्या कातडीचा असता, दाढी नसती, तर नळी तितकी वर आली असती का, हे मी विचारणारच. आणि ऑर्लीनंतर आठ दिवसांत पाठीमागून पळत येणाऱ्या माणसाला बघून त्या मुलीने जे केलं ते तिच्या जागी मीही केलं असतं, हेही मला माहितीये.

तिचा विचार कुणी करत नाही. ही मुलं जिममध्ये नाहीतर बराकीत खाटा टाकून झोपतात, अंगावर जॅकेटचं वजन घेऊन दिवसभर चालतात, तेव्हा तर यातले कितीतरी आदल्या वर्षी आफ्रिकेतल्या मालीत लढून आलेले असायचे. आणि हल्ले त्यांच्यावरच होतात. नीसला सुरी, लूव्रपाशी कोयता, ऑगस्ट 2017 मध्ये पॅरिसला लागून असलेल्या लव्हालुआला ड्यूटीवर निघालेल्यांच्या अंगावर गाडी घातली, सहा जखमी. आपण ज्यांना बघून निश्चिंत होतो त्यांनाच आपण समोर उभं केलंय.

आणि आपल्याकडे पण लावा म्हणणाऱ्यांना: 26/11 ला नौदलाचे मार्कोस कमांडो आणि एनएसजी आले ते चालू असलेली लढाई संपवायला. रोज गर्दीत उभं राहायचं, हजारो माणसांतून कुणाकडे बघायचं आणि कुणाकडे नाही हे ठरवायचं, ते काम वेगळं. आपल्या विमानतळांवर आर्मी नसते, सीआयएसएफ असते, त्यांचं ट्रेनिंगच त्या कामाचं असतं. युद्धाचं शिकवलेल्या विशीच्या पोरीला दादर स्टेशनवर संध्याकाळी सातला उभं करायचंय का तुम्हाला?

नवरा म्हणतो सगळे काढून घ्या, पोलीस वाढवा. मी म्हणते स्टेशनवरचे काढा, गल्लीतले राहू देत. तो विचारतो, शाळेसमोर पोलीस का चालत नाहीत तुला? मी म्हणते, तेवढे पोलीस नाहीत. तो म्हणतो, हे 2015 मध्ये पण सांगत होते, मग इतक्या वर्षांत पुरेशी भरती का नाही केली? इथे आमचं भांडण थांबतं, पुढच्या हल्ल्याची बातमी आली की परत सुरू होतं.