नेपथ्य कानापर्यंत नेताना: आमची वाटचाल

परिषदांमध्ये दुभाष्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर भाड्याने देणे हा पुण्यातील आमच्या फर्मचा मूळ व्यवसाय. तेच साहित्य नाट्यगृहात नेऊन, रंगमंचावर जे दिसते पण ऐकू येत नाही ते अंध आणि अल्पदृष्टी प्रेक्षकांना त्याच क्षणी सांगण्याचे काम आम्ही पुढे त्याला जोडले. ही कल्पना आमची नव्हे. वॉशिंग्टनच्या अरेना स्टेज या नाट्यगृहात 1981 मध्ये मार्गारेट आणि पुढे त्यांचे पती झालेले कोडी फॅनस्टील यांनी नाटकांचे असे थेट वर्णन सुरू केले. मार्गारेट यांची स्वतःची दृष्टी क्षीण होत गेली होती आणि त्या आधीपासूनच अंध श्रोत्यांसाठी रेडिओवर वाचनसेवा चालवत होत्या.

आम्ही हा विषय काढला की निर्मात्यांकडून हमखास एक उत्तर येत असे: मराठी नाटक शब्दांवर उभे आहे, डोळे मिटून बसले तरी ते कळते. नभोनाट्याच्या बाबतीत हे खरे आहे, कारण त्याचा लेखक कानासाठीच लिहितो आणि कोण आले, हातात काय आहे, हे संवादातच पेरून ठेवतो. रंगमंचासाठी लिहिणाऱ्याला तशी गरज नसते. सासरे आत येत असल्याचे पाहून जावई घाईने बाटली सोफ्यामागे लपवतो आणि सभागृह हसते. ज्याला ते दिसले नाही तो शेजारच्याला विचारतो, आणि शेजारचा सांगेपर्यंत पुढची दोन वाक्ये निसटलेली असतात. इतरांबरोबर त्याच क्षणी हसता येणे हीच आमच्या कामाची कसोटी आम्ही मानली, आणि पुढचे बहुतेक निर्णय त्यातून आले.

त्यातला पहिला निर्णय असा, की अंधांसाठी वेगळा मोफत प्रयोग आम्ही करणार नाही. असे प्रयोग सद्भावनेने होतात आणि त्यांचे स्वागतच आहे. परंतु तेथे सभागृहाचा स्वाभाविक प्रतिसाद नसतो, भाषणे असतात आणि नाटक कोणते पाहायचे हे दुसरेच कोणीतरी ठरवते. आमचा प्रेक्षक रविवारच्या नेहमीच्या प्रयोगाला, तिकीट काढून, आपल्या कुटुंबासह बसतो. तिकीट विक्रीच्या अनेक अॅपवर आसनांचा नकाशा टॉकबॅकला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या मोबाइलमधील सोयीला, वाचता येत नाही, त्यामुळे फोनवरून आसने राखून ठेवण्याचे काम आमच्याकडेच आले.

वर्णनाची संहिता लिहिणे हा या व्यवसायातला सर्वांत कष्टाचा आणि, माझ्या मते, सर्वांत कमी पैसे मिळणारा भाग आहे. वर्णनकार नाटक अनेकदा पाहतो, मूळ संहितेत दोन संवादांमधल्या रिकाम्या जागा टिपतो आणि त्या जागांत मावेल एवढेच लिहितो, कारण संवादावर बोलायचे नाही हा पहिला नियम आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. पूर्ण वाक्य बोलत बसले तर घटना घडून गेल्यावर तिची वार्ता मिळते. म्हणून आमचे वर्णनकार ‘वहिनी दारात. हातात पत्र.’ असे तुटक बोलतात. ‘ती संतापली’ असे न सांगता ‘मूठ आवळते, पाठ फिरवते’ असे सांगायचे आणि अर्थ प्रेक्षकावर सोडायचा. विनोदी हालचाल मात्र अर्धा क्षण आधी सांगावी लागते, तरच हशा एकत्र येतो. रहस्यप्रधान नाटकात नेमके उलट करावे लागते. तेथे खुनी पडद्याआडून डोकावला हे इतरांच्या आधी कानात पडले तर खेळच बिघडतो.

हे सगळे ध्वनिमुद्रित करून का ठेवत नाही, असे बरेच जण विचारतात. मुरलेला नट रोज तेच नाटक करत नाही, हे त्याचे उत्तर आहे. तो पदरची वाक्ये टाकतो, हशा आला तर थांबतो, समोरचा नट विसरला तर सावरून घेतो, आणि लोकनाट्यातली बतावणी तर बऱ्याच अंशी त्या रात्रीचीच असते. म्हणून वर्णनकार प्रत्येक प्रयोगाला मागच्या बाजूच्या कक्षात, रंगमंच दिसेल अशा जागी बसून प्रत्यक्ष बोलतो. संगीत नाटकाच्या बाबतीत आमच्या श्रोत्यांनीच आम्हाला शिस्त लावली: पद सुरू झाले की वर्णन बंद. त्यांच्यापैकी अनेक जण गाणे शिकलेले असतात आणि तानेच्या मध्ये आलेला शब्द त्यांना खपत नाही.

साहित्याचे थोडक्यात सांगतो. मोबाइलवर वायफायने आवाज पाठवणे स्वस्त पडते. पण त्यात आवाज मागे पडतो, शिवाय नाटकाचे ध्वनिमुद्रण बाहेर जाईल अशी निर्मात्यांना धास्ती असते. इन्फ्रारेडचा संकेत खांबाआड किंवा समोर कोणी उभे राहिले तर तुटतो. आम्ही रेडिओ लहरींवर चालणारे रिसीव्हर वापरतो आणि हेडफोन एकाच कानाचा देतो, कारण दुसरा कान रंगमंचासाठी मोकळा राहिलाच पाहिजे.

प्रयोगापूर्वीची स्पर्शफेरी, म्हणजे सेट आणि वेशभूषा हाताने पाहण्याची फेरी, आमच्या ग्राहकांना फार आवडते आणि तीच जुळवून आणणे सर्वांत अवघड असते. एकाच रंगमंचावर दिवसभरात तीन वेगवेगळ्या संस्थांचे प्रयोग असले की सेट लागल्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत हाती फार थोडा वेळ राहतो. तेवढ्यात प्रेक्षक दार, जिना, दिवाण यांची जागा पावलांनी मोजतात, नऊवारीचा काठ आणि फेट्याचा पीळ हाताने पाहतात, आणि नट आपापल्या भूमिकेच्या आवाजात ओळख करून देतात, म्हणजे पुढे आवाजावरून पात्र ओळखता येते. फेरी शक्य नसेल तेव्हा नेपथ्य, वेशभूषा आणि पात्रे यांचे ध्वनिमुद्रित टिपण आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर जाते.

अल्पदृष्टी प्रेक्षकांच्या गरजा वेगळ्या असतात आणि त्या एकसारख्या नसतात. कोणाला पहिल्या रांगेत बसून बरेच दिसते. ज्याची बाजूची दृष्टी गेली आहे त्याला मागून संपूर्ण रंगमंच नजरेच्या अरुंद कक्षेत घेता येतो. मोठ्या ठळक अक्षरांतले माहितीपत्रक आणि पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी एवढ्यानेही पुष्कळ काम भागते. ती पट्टी आम्ही स्वतः लावतो आणि प्रयोगानंतर काढून घेतो.

पैशाचे गणित सरळ नाही. ऐकणारे पाच असोत वा पन्नास, वर्णनकाराचे मानधन आणि साहित्याचा खर्च तेवढाच येतो. परिषदांच्या उत्पन्नातून आम्ही तो भरून काढतो. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचा, निधी राबवणारी संस्था म्हणून आमच्यासारख्या खासगी मालकीच्या फर्मला उभे राहता येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत न्यासासारख्या संस्थेची सोबत घ्यावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवनात समान सहभागाची तरतूद आहे. ऑडिओ डिस्क्रिप्शनचा, म्हणजे अशा वर्णनाचा, स्पष्ट उल्लेख मात्र कलम 42 मध्ये, इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या संदर्भात आहे. त्यामुळे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकासमोर कायद्याचे पुस्तक उघडण्यापेक्षा आम्ही त्याला एक रिसीव्हर देतो आणि डोळे मिटून पहिला प्रवेश ऐकायला सांगतो.

निर्मात्यांना आमची विनंती एवढीच आहे की त्यांनी संहिता रंगीत तालमीच्या आधी आमच्याकडे द्यावी आणि त्या तालमीला वर्णनकारासाठी एक खुर्ची ठेवावी. प्रयोग सुरू झाल्यानंतर आम्हाला बोलावले तरी काम होते, पण तोवर नाटक दौऱ्यावर निघालेले असते आणि पुढच्या गावचा सेट टेम्पोत चढलेला असतो.