फोन लाव, लाईट लाव, अलार्म लाव

गेल्या पावसाळ्यापासून मी शनिवारी-रविवारी दुपारी आमच्या इंदूरच्या घरी इंग्लिश बोलायचा एक छोटासा क्लास घेते. क्लास म्हणजे काय, लोकमान्य नगरातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत एक सतरंजी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि सात-आठ लोक. फी नाही, पण चहा पाळीपाळीनं प्रत्येकानं थर्मासमधून आणायचा, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. येणाऱ्यांत दोन काकू आहेत ज्यांची नातवंडं अमेरिकेत आहेत आणि त्यांना मराठी समजतं पण बोलता येत नाही, एक वहिनी आहेत ज्या घरून साड्या विकतात, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या एक आजी आहेत, आणि जेल रोडला मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसणारा एक मुलगा, ज्याच्याकडे आयआयटी आणि आयआयएमची बाहेरगावची पोरं फोन घेऊन येतात आणि इंग्लिशमधे बोलायला लागली की हा नुसताच मान हलवतो.

पहिल्या महिन्यात मी शहाणपणा केला आणि पुस्तकातून शिकवायला गेले. पुस्तकात टेक्नॉलॉजीचा एक धडा होता, त्यात फॅक्स मशीन, फ्लॉपी, मॉनिटर, प्रिंटर अशी चित्रं आणि शेवटी आपला तो शाळेपासून चालत आलेला प्रश्न, विज्ञान शाप की वरदान, तो इंग्लिशमधे. काकूंनी फ्लॉपीच्या चित्राकडे बघून विचारलं, "ताई, ही काडेपेटी आहे का?" मी पुस्तक मिटलं.

मग म्हटलं, आपापला मोबाईल हातात घ्या आणि त्याच्याबद्दल येतील ते इंग्लिश शब्द सांगा, मी फळ्यावर लिहिते. अहो, फळा पुरेना! चार्जर, बॅटरी, रिचार्ज, पासवर्ड, नेटवर्क, वायफाय, हॉटस्पॉट, स्क्रीनशॉट, व्हिडिओ कॉल, ओटीपी, ग्रुप, ॲडमिन, फॉरवर्ड, डिलीट फॉर एव्हरीवन... हे शेवटचं तर एका काकूंनी एका दमात म्हटलं, आणि त्यांना मी आदल्या आठवड्यात "व्हॉट इज युवर नेम" तीनदा म्हणायला लावलं होतं. मी खूश झाले, म्हटलं हे तर सोपं आहे, आता वाक्य करू. फोन चार्जिंगला लावलाय, हे इंग्लिशमधे सांगा.

सगळे गप्प.

बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाल्या, "आय... अप्लाय... फोन टू चार्जिंग?"

मला तिथं खरं काय ते कळलं. ह्या लोकांना नामं शिकवायची गरजच नाही, नामं सगळी इंग्लिशच आहेत आणि ती रोज शंभरदा तोंडात असतात. नाही ते क्रियापद. मराठीत आपण इंग्लिश वस्तू घेतो आणि त्याला आपलं घरचं क्रियापद जोडतो, आणि घरची क्रियापदं आपल्याकडे मोजकीच आहेत पण कष्टाळू आहेत, एक एक बाई दहा घरची कामं करते तशी. हे लावणंच घ्या ना. लाईट लाव, टीव्ही लाव, अलार्म लाव, आईला फोन लाव, फोन चार्जिंगला लाव, स्क्रीनगार्ड लाव, नवीन डीपी लाव. आपलं एक लावणं, आणि इंग्लिशमधे लाईटला टर्न ऑन, अलार्मला सेट, आईला नुसतं कॉल, चार्जरला प्लग इन, स्क्रीनगार्डला पुट ऑन. आणि त्याचं भावंड लागणं तर अजून वाईट, "फोन लागत नाहीये" ह्याला "आय कान्ट गेट थ्रू" म्हणतात हे कुठल्या मराठी माणसाला आपणहून सुचेल सांगा. त्या रविवारी आम्ही बाकी काही केलं नाही, फळ्याच्या मधोमध मोठ्ठं "लाव" लिहिलं आणि त्याला चहूबाजूंनी फांद्या काढत बसलो.

आमच्या इंदूरच्या मराठीचा तर वेगळाच घोळ. आम्ही मोबाईल "चालवतो". हिंदीतून आलंय ते, पुण्याची नणंद दर वेळी हसते, म्हणते वहिनी मोबाईलला काय चाकं आहेत का. तर एका काकूंनी मुलाची तक्रार केली, "माय सन इज ड्रायव्हिंग मोबाईल होल डे." मी म्हटलं काकू, "ही इज ऑन हिज फोन ऑल डे". आणि मग लक्षात आलं की पुण्याची लोकं "दिवसभर मोबाईलवर असतो" म्हणतात ते अगदी हेच आहे. नणंदेला अर्थात हे सांगितलेलं नाही.

करणं मात्र सोपं निघालं. रिचार्ज करणे, स्कॅन करणे, ब्लॉक करणे, डाउनलोड करणे, म्हणून सगळ्यांच्या तोंडी "आय डू स्कॅन", "यू डू ब्लॉक". मी सांगितलं की ते डू काढून फेका, स्कॅन हेच क्रियापद आहे, "आय ब्लॉक्ड हिम" झालं काम. एका वाक्यात चाळीसेक क्रियापदं फुकटात मिळाली. ब्लॉक्ड हिम हे वाक्य सगळ्यांत जास्त जोरात म्हटलं गेलं, कोणाला ते मी विचारलं नाही.

मग तो-ती-ते. मोबाईल तो, बॅटरी ती, ॲप ते. त्यामुळे "ही इज हँग" आणि "शी इज फिनिश". इंग्लिशमधे ह्या सगळ्यांना इट, हे ऐकून आजी म्हणाल्या, बरंय बाई, एका रांगेत बसवलं सगळ्यांना. पण ह्या इटनंच पुढे छळलं, कारण "टर्न ऑफ द फॅन" चालतं, "टर्न द फॅन ऑफ" पण चालतं, पण इट आलं की ते मधेच बसणार, "टर्न इट ऑफ", "टर्न ऑफ इट" नाही. हे नियम म्हणून सांगितलं तर माझेच डोळे मिटायला लागतात. तेव्हा मी एक जुनी युक्ती वापरली, अमेरिकेतल्या जेम्स आशर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं १९६० च्या दशकात ती पद्धत मांडली होती, की आधी बोलायला लावायचंच नाही, फक्त हुकूम द्यायचा आणि समोरच्यानं तसं करायचं. आपण बाळाला टाटा कर म्हणतो आणि ते बोलायला लागायच्या कितीतरी आधी हात हलवतं, तसंच. मग काय, "पिक अप युवर फोन. अनलॉक इट. टर्न अप द व्हॉल्यूम. टर्न इट डाउन. प्लग इट इन." सगळी खोली उठतेय, बसतेय, स्विचबोर्डपाशी गर्दी. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं आता तुम्ही मला हुकूम द्या, तर वहिनींनी मला पंखा पाच वेळा लावायला आणि बंद करायला लावला, आणि सगळे इट जागच्या जागी होते.

खरी गंमत मात्र "डेड" शब्दावर झाली. मी फळ्यावर लिहिलं, "माय बॅटरी इज डेड". काकूंनी लिहायला ठामपणे नकार दिला. म्हणाल्या, घरात असं अभद्र बोलू नये, आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. जेल रोडवाला मुलगा म्हणाला, "अहो काकू, आमच्या दुकानात तर दिवसभर हेच चालतं, हा फोन डेड, तो फोन डेड, चिठ्ठीच लावतो आम्ही तशी." काकू म्हणाल्या, "तुझं दुकान आहे ते, माझं घर आहे. आणि फोनवर नातवाशी बोलताना मी डेड म्हणू?" मी मधला मार्ग काढला, "माय बॅटरी इज लो" म्हणा. तर म्हणे लो म्हणजे थोडी आहे, पार संपली तर काय? मग स्वतःच ठरवलं, बॅटरी वाढली. इंग्लिशच्या क्लासात!

फोन हँग होण्यावरून पण असाच गोंधळ. आपल्याकडे हँग म्हणजे अटकला, आणि मी तर आदल्याच तासाला हँग अप म्हणजे फोन ठेवणं असं सांगून बसले होते. अटकलेल्या फोनला फ्रोझन म्हणा म्हटलं तर कोणीतरी मागून म्हणालं, मटारसारखा. पण लक्षात राहिलं ना, पुढच्या आठवड्यात सगळ्यांना आलं.

हँग अप का म्हणतात ते आजींनी समजावलं, मी नाही. त्या म्हणाल्या, जुने भिंतीवरचे फोन होते त्यांचा कानाला लावायचा भाग आकड्याला टांगायचा, टांगला की लाईन बंद. आणि डायल का, तर बोट घालून तबकडी फिरवायची म्हणून. पहिले दोन महिने आजी कोपऱ्यात बसून नुसतं ऐकायच्या, मला वाटायचं त्यांना जमत नाहीये. त्या दिवशी फोनवरच्या वाक्यांचा सराव होता, त्यांची पाळी आली आणि त्यांनी एकदम वेगळ्याच आवाजात म्हटलं, "नंबर प्लीज. होल्ड द लाईन. सॉरी, द लाईन इज एंगेज्ड. शॅल आय ट्राय अगेन?" आम्ही सगळे बघतच राहिलो. ट्रंक कॉल जोडून जोडून ही वाक्यं घासून गुळगुळीत झालेली होती त्यांची. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हा आजी नोकरीत होत्या, आणि म्हणतात की आम्ही आपसांत म्हटलं होतं, मिनिटाला एवढे पैसे देऊन कोण बोलणार आहे. आता आजी आठवड्यातून एकदा माझ्या जागेवर बसतात आणि सगळ्यांना फोनवर कसं बोलायचं ते शिकवतात, मी चहा ओतते.

ओटीपीचा तास मात्र मी हसण्यावारी नेला नाही. मी फ्रॉडवाला झाले, दुसऱ्या खोलीतून प्रत्येकाला फोन लावला, गोड इंग्लिशमधे, सर मॅडम करत, तुमचं कार्ड बंद होणार आहे वगैरे. पहिल्या फेरीत तिघांनी ओटीपी देऊन टाकला. म्हणजे खोटाच होता, मीच चिठ्ठीवर लिहून दिलेला, पण दिला. कारण विचारलं तर एक काकू म्हणाल्या, इंग्लिशमधे नाही कसं म्हणायचं तेच सुचलं नाही, आणि समोरचा एवढं चांगलं बोलत होता. मला हे फार लागलं. तेव्हापासून दर तासाची सुरुवात ह्या दोन वाक्यांनी होते, "आय डोन्ट शेअर माय ओटीपी. आय विल कॉल द बँक मायसेल्फ." आणि मग हँग अप, सॉरी नाही, थँक्यू नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावायचा, सायबर फ्रॉडची सरकारी हेल्पलाईन आहे, हे प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतः लिहून दिलंय.

आकड्यांचं अजून काही खरं नाही. एकोणसाठ म्हटलं की त्यातला साठ ऐकून वहिनी सिक्स्टी-नाईन म्हणतात. गिऱ्हाईक बंगलोरचं होतं, पाचशे एकोणसाठची साडी त्याला पाचशे एकोणसत्तरला गेली. त्यानं काही म्हटलं नाही, पण वहिनींनी रात्री बसून दहा रुपये परत पाठवले आणि सोबत लिहिलं, "सॉरी, माय मिस्टेक". बोलून दाखवलं मला ते, स्पेलिंगसकट.

जेल रोडवाला परवा सांगत होता की एक आयआयएमवाला आला आणि हा म्हणाला, "द चार्जिंग जॅक इज लूज. आय विल चेंज इट. कम बॅक ॲट सिक्स." गिऱ्हाईक सहाला आलं. इतकंच.

आणि काकू. त्यांचा नातवाशी व्हिडिओ कॉल चालला होता आणि मधेच फोन बंद पडला, चार्जिंगला लावून दहा मिनिटांनी परत फोन केला तर नातू विचारतो, आजी, व्हॉट हॅपन्ड? काकूंनी ठरवल्याप्रमाणे सांगितलं, "माय बॅटरी वाढली." त्या पोराला वाढणं माहितीय, आई जेवायला वाढते आणि दर उन्हाळ्यात त्याची उंची वाढते. तो म्हणाला, "इफ इट वाढली, देन व्हाय डिड द कॉल कट?" काकूंनी त्याला बांगडीपासून सुरुवात करून सगळं समजावलं, पाऊण तास, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी, आणि समजावता समजावता बॅटरी परत वाढली.