तेलकट त्वचेचा मेकअप: दुकानातला मॅट आणि दुपारी चारचा मॅट

नाशिकचा मेन रोड असो की कॉलेज रोड, काउंटरवरची मुलगी फाउंडेशनचा थेंब आपल्या पंजाच्या मागच्या बाजूला पसरवते आणि म्हणते, "बघा ताई, किती मॅट बसलंय!" तिथे काहीही लावलं तरी मॅटच, म्हणजे बिनचमकीचं, दिसणार, कारण पंजाच्या मागे तेलग्रंथी अगदी विरळ असतात. कपाळ, नाक आणि हनुवटीवर त्याच ग्रंथी दाटीवाटीने असतात. म्हणून तेलकट चेहऱ्यासाठी घेतलेल्या कुठल्याही वस्तूचा निकाल दुकानात लागत नाही. सकाळी आठला लावलेली ती वस्तू दुपारी चारला कशी दिसते, त्यावर तो ठरतो.

दुकानात करण्यासारखं एकच काम आहे, शेड बघणं. कानाखाली, जबड्याच्या कडेला जवळच्या दोन शेडच्या बारीक रेघा ओढून घ्या. टेस्टर थेट बाटलीतून चेहऱ्यावर लावू नका, कापसाची काडी मागा. मग रविवार कारंजापर्यंत बाकीची खरेदी उरका आणि अर्ध्या-पाऊण तासाने उन्हाच्या उजेडात आरशात बघा. फाउंडेशनमधले रंगकण त्वचेच्या तेलात भिजले की शेड गडद, कधी तांबूस होते. तेलकट चेहऱ्यावर हे जास्त होतं. दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली तंतोतंत जुळलेली शेड दुपारी मानेपेक्षा काळपट दिसते ती यामुळेच. वाळल्यावर जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली शेड.

खरी चाचणी घरी, अर्ध्या चेहऱ्यावर. डाव्या बाजूला नेहमीचं, उजव्या बाजूला नवीन. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं, अगदी पावडरसुद्धा. बारा वाजता आणि चार वाजता टिश्यूचा तुकडा दोन्ही बाजूंना त्याच ठिकाणी पाच सेकंद दाबून धरा: भुवईच्या वर, नाकपुडीच्या कडेला, हनुवटीवर. कागद कुठे किती पारदर्शक झाला, हे डोळ्यांना लगेच कळतं. नाकपुडीच्या घडीत रंग गोळा झालाय का, हेही बघा, कारण बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, पहिल्यांदा तिथेच फुटतो. ही चाचणी एकदा एसीत बसायच्या दिवशी आणि एकदा बाहेर फिरायच्या दिवशी करा. अंबडच्या एसी ऑफिसात टिकणारा बेस पंचवटीतल्या बाजारात दोन तासांत वितळू शकतो.

स्किनकेअरची चाचणी वेगळी, तिला धीर लागतो. नवीन वस्तू आधी कानामागे किंवा जबड्याखाली सलग तीन-चार रात्री लावायची. आग, खाज, लाली नसेल तरच चेहऱ्यावर. दोन आठवड्यांत एकच नवी वस्तू. तीन एकदम सुरू केल्या आणि पुटकुळ्या आल्या, तर दोष कुणाचा हे कधीच कळत नाही. मुरुमांवर फरक पडतोय की नाही हे ठरवायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. आठवड्याभरात बाटली कपाटात ढकलणाऱ्यांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात.

आता रोजचा क्रम. फेसवॉश दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढा, अर्धा-एक मिनिट, कोमट किंवा साध्या पाण्याने. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण नऊ-दहा असतो, त्वचेचा पाचच्या आसपास. त्यातून सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची साय धरते आणि ती चेहऱ्यावर बसते. धुतल्यावर त्वचा कचकचीत ताणली गेली, तर ते स्वच्छतेचं लक्षण नाही. तो फेसवॉश तुमच्यासाठी कडक आहे. लिंबू चोळण्याचा उपाय तर सोडूनच द्या: लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या घरात असतो, आणि लिंबू लावून उन्हात गेलात तर चट्टे पडू शकतात.

तेलकट त्वचेसाठी दोन घटक पदरचे पैसे खर्चून घेण्यासारखे. पहिला नायसिनामाइड (जीवनसत्त्व बी-३ चा प्रकार), दोन ते पाच टक्के. दहा टक्क्यांची बाटली दुप्पट फायदा देत नाही, आग मात्र होऊ शकते. दुसरा सॅलिसिलिक अॅसिड, दोन टक्क्यांपर्यंत. हे तेलात विरघळतं, म्हणून छिद्रातल्या तेलाच्या बुचापर्यंत पोहोचतं, आणि ब्लॅकहेड्सवर त्याचा उपयोग होतो. आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात करा. मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरत असाल तर अडीच टक्के पुष्कळ झाले, आणि उशीचा अभ्रा पांढरा घाला, रंगीत कापडाचा रंग उडतो. अॅडापॅलीन हे मुरुमांवरचं औषध त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच, गरोदरपणात मुळीच नाही.

मॉइश्चरायझर तेलकट त्वचेलाही लागतं. ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अॅसिडवालं जेल, एक वाटाणा, बस्स. डब्यावर 'ऑइल-फ्री' लिहिलंय म्हणून छिद्रं बुजणार नाहीत असं नसतं. मागची यादी वाचा. खोबरेल तेल, कोको बटर, आयसोप्रोपिल मायरिस्टेट ही नावं यादीत वरच्या बाजूला असतील आणि तुम्हाला मुरुमं येत असतील, तर ती वस्तू परत ठेवा.

सनस्क्रीनबद्दल मी आग्रही आहे, कारण तेलकट त्वचेची माणसं तेच आधी टाळतात. एसपीएफ तीस किंवा जास्त, पीए (यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) तीन प्लस, जेल किंवा फ्लुइड. चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीच्या दोन रेघा. एवढं एकदम लावलं की चिपचिपतं, म्हणून एक रेघ लावा, दोन मिनिटं थांबा, मग दुसरी. त्यानंतर पंधरा मिनिटं चेहऱ्याला हात नाही. घाईत वर प्रायमर (फाउंडेशनआधीचा थर) घासला की शेवयांसारख्या पांढऱ्या वळ्या निघतात. वळ्या निघण्याची मुख्य कारणं तीन: थर जाड, थर ओला, किंवा हात घासणारा. घासण्याऐवजी बोटांनी थापलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

नाशिकमध्ये गाडीवर निघायचं म्हणजे स्कार्फ आलाच. तो डोळ्यांखालच्या हाडावर आणि नाकावर आवळला जातो, तिथलं सनस्क्रीन पुसतो, आणि कालचा घाम-तेल आज पुन्हा चेहऱ्याला लावतो. गालाच्या कडेला आणि हनुवटीखाली सारख्या पुटकुळ्या येत असतील तर आधी स्कार्फकडे आणि हेल्मेटच्या पट्ट्याकडे बघा. सुती स्कार्फ, आळीपाळीने तीन-चार, आणि रोज धुतलेला. ऑफिसला पोहोचल्यावर टिश्यूने टिपून नाक-गालांवर सनस्क्रीन पुन्हा थापा.

फाउंडेशन अर्धा पंप. पूर्ण चेहऱ्याला एकसारखा थर नकोच. गालांच्या मध्यापासून बाहेर पसरवा आणि स्पंजवर जे उरेल तेवढंच नाकावर. फार तेल सुटत असेल तर क्रम उलटा करून बघा: सनस्क्रीन सुकल्यावर नाक-कपाळावर अगदी पातळ पावडर दाबायची, मग फाउंडेशन, मग पुन्हा चिमूटभर पावडर. बेस जास्त वेळ तग धरू शकतो. प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं असेल तर दोन्ही एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून ही जोडी आधी जबड्यावर जमवून बघावी. पावडर पफने दाबायची, ब्रशने झाडायची नाही. सिलिका जास्त असलेली पांढरी पावडर फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरे पट्टे आणते, तेव्हा लग्नाआधी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा. लग्नाच्या आधीच्या दहा दिवसांत नवीन फेशियल, पील किंवा क्रीम काहीही नको, पार्लरवाल्या ताई कितीही ओळखीच्या असल्या तरी.

दुपारी चेहरा चमकायला लागला की आधी ब्लॉटिंग पेपरने तेल टिपा, मग पावडर. तेलावरच पावडर मारली की तिचे गोळे होतात, आणि संध्याकाळपर्यंत तीन थर चढलेला चेहरा भेगाळतो. काजळ पसरत असेल तर पापणीखाली आधी किंचित पावडर दाबा.

आपल्याकडे वर्षभर एकच बेस चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो पण हवा कोरडी असते. तेव्हा पातळ जेल आणि कमी पावडर चालते. जून ते सप्टेंबर हवा दमट, घाम वाळत नाही. तेव्हा फाउंडेशन सोडून डागांपुरता कन्सीलर आणि पावडर, एवढ्यावर भागवणं उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली उतरतो आणि नाक तेलकट, गाल मात्र खपलीदार अशी अवस्था होते. सॅलिसिलिक अॅसिड तेव्हा फक्त नाक-कपाळ-हनुवटीपुरतं ठेवा.

डबी घेताना उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली आहे ना, ते बघा. लेबल नसलेलं 'मिक्स क्रीम' कुणीही कितीही खात्रीने दिलं तरी नको. अशा डब्यांत बेटामेथासोनसारखी स्टिरॉइड्स असू शकतात. आठवड्यात चेहरा गुळगुळीत होतो आणि बंद केलं की मुरुमं उसळून येतात, त्वचा पातळ होते, ती वेगळीच. स्पंज प्रत्येक वापरानंतर आणि पफ आठवड्यातून एकदा शाम्पूने धुऊन उघड्यावर वाळवा. ओला स्पंज बंद डबीत ठेवला की त्याला बुरशी धरते आणि ती आतून असल्यामुळे दिसतही नाही. पिळताना काळे ठिपके दिसले तर तो फेकून द्या.