हात शिवशिवतात त्याची नोंद: मॅलरी पार्क, कर्बरो आणि एक नेपाळी स्नायडर बंदूक

जानेवारीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं की यंदा गाडीला नवीन काही लावायचं नाही आणि बंदूक एकही घ्यायची नाही. गाडीचं अर्धंमुर्धं पाळलं. बंदुकीचं मार्चमध्येच मोडलं. त्याचं पुढे सांगतो, आधी गाडी.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मी मूळचा साताऱ्याचा, गेली काही वर्षं इंग्लंडात लेस्टरजवळ. गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १.८ लिटर इंजिनाची. ट्रेलर नाही, वेगळी रेस कार नाही. रविवारी ट्रॅकवर जाते तीच सोमवारी ऑफिसला येते, त्यामुळे मोडली तर बसने जायचं. गॅरेजच्या एका भिंतीला टायर, दुसऱ्या भिंतीला कुलूपबंद कपाट आणि त्यात जुन्या बंदुका. वहीत दोन रकाने, गाडी आणि बंदूक. बायकोने तिसरा आखून ठेवलाय, स्वयंपाकघराचा ओटा. तो अजून कोरा आहे.

एप्रिल. मॅलरी पार्क हा लेस्टरजवळचा शर्यतीचा ट्रॅक. यंदाचा पहिला ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी घेऊन शर्यतीविना ट्रॅकवर फेऱ्या मारायचा दिवस.

मॅलरीला जाणाऱ्याला आधी आवाजाची परीक्षा. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात मीटर धरतात आणि इंजिन कमाल आरपीएमच्या पाऊणपट फिरवायला लावतात. आजूबाजूच्या गावांच्या तक्रारींवरून इथे इतकं रामायण झालंय की २०१३ मध्ये ट्रॅक बंदच पडला होता, २०१४ मध्ये नव्या चालकांनी पुन्हा सुरू केला. म्हणून इथले मार्शल या बाबतीत भावाची गाडी असली तरी सोडणार नाहीत. गेल्या वर्षी मी हौसेने मोठ्या तोंडाचा सायलेन्सर लावला होता. आवाज झकास, वेग तेवढाच. या वेळी जुना, कंपनीचा परत बसवला आणि मर्यादेच्या आत निवांत पास झालो. विकतचा पार्ट काढून टाकल्याने झालेली ही यंदाची पहिली प्रगती.

ट्रॅक जेमतेम २.२ किलोमीटरचा, मध्ये तळं. कागदावर बघून वाटतं यात काय एवढं. पण सरळ रस्ता संपला की जेरार्ड्स नावाचं उजवं वळण येतं आणि ते संपतच नाही. गाडी वळतेय, वळतेय, अजून वळतेय. एवढ्या वेळात मनात शंभर विचार येतात आणि प्रत्येक विचारासरशी हात स्टीअरिंगला काहीतरी करतात. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने तीन फेऱ्या गप्प बसून बघितलं आणि मग विचारलं, "लाकूड कापतोयस का?" कारण माझे हात करवतीसारखे पुढेमागे चालले होते. पुढच्या फेरीत त्याने एकच काम दिलं: एकदा वळवायचं, मग हात थिजवायचे, जे काही करायचं ते उजव्या पायाने. पाय किंचित उचलला की गाडीचं नाक आत येतं, किंचित दाबला की बाहेर जातं. मला हे पुस्तकी माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

पुरावा टायरवर दिसला. जेरार्ड्स उजवं आणि लांब, त्यामुळे सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर. दुपारी त्याची बाहेरची कड किसणीवर घासल्यासारखी झाली होती, कडेला रबराचे बारीक गोळे. प्रशिक्षकाचं ऐकल्यानंतरच्या दोन सत्रांत ते गोळे निम्म्याहून कमी. इथे ट्रॅक डेला वेळ मोजायला बंदी असते (घड्याळ लावलं की ती शर्यत, आणि मग विम्याचं गणितच बदलतं), त्यामुळे आपण सुधारलो की नाही हे असल्याच खुणांवरून ओळखायचं.

जून. पुन्हा मॅलरी. इथे फजिती झाली.

शॉज हेअरपिन हे या ट्रॅकचं दुसरं टोक. चढावरचं, इतकं अरुंद आणि हळू वळण की तिथे अक्षरशः पार्किंगमध्ये शिरल्यासारखं वाटतं. तिथे पोचेपर्यंत ब्रेक चांगलाच दाबावा लागतो. मी दिवसभर उशिरा, अजून उशिरा ब्रेक मारत होतो. जमतंय म्हणून मजाही येत होती. चौथ्या सत्राच्या पाचव्या फेरीला पाय ठेवला आणि पेडल लोण्यासारखं खाली गेलं. दुसऱ्यांदा पंप केल्यावर काहीतरी लागलं, पण तोवर वळण हुकलं होतं. सरळ गवतात. गाडीला ओरखडा नाही, माझ्या अब्रूला बरेच. मागून येणारा हात दाखवून गेला, तो नमस्कार नव्हता.

संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबा एसटीत मेकॅनिक होते, सातारा डेपोला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न: "ब्रेक ऑइल कधी बदललं होतंस?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग पाणी उकळलं तुझं. ब्रेक नाही गेला, वाफ झाली. आमच्या गाड्या खंबाटकी उतरून यायच्या तेव्हा चाकांचा वास घेऊन सांगायचो, कोणता ड्रायव्हर ब्रेकवर उतरलाय आणि कोणता गिअरवर."

निदान बरोबर निघालं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल मुरली की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पाय ऑइल दाबत नाही, बुडबुडे दाबतो. इंग्लंडच्या पावसाळी हवेत दोन वर्षं म्हणजे फार झालं. माझा हात मात्र लगेच मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनच्या कॅलिपरच्या किमती बघायला लागला होता. बाबांनी त्याआधी अडवलं हे बरं. ऑइलचा एक डबा आणि ट्रॅकसाठीचे पॅड, एवढ्यावर भागलं. आता सहा फेऱ्या झाल्या की एक फेरी ब्रेक न लावता हळू मारून गाडी थंड करतो. पेडल दिवसभर दगडासारखं.

आता बंदूक.

माझी पहिली चूक जुन्यांना माहीत आहे, नव्यांना सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी १८५३ नमुन्याची एनफील्ड घेतली होती. तीच, जिच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ ला ठिणगी पडली. घेतल्या घेतल्या हात शिवशिवले. पितळेच्या भांड्यासारखी घासली, चकचकीत केली, फोटो काढले. जुन्या बंदुकांच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने ती हातात घेतली, चापाच्या पट्टीवर अंगठा फिरवला आणि काहीच बोलला नाही. पट्टीवरचा मुकुट आणि सालाचा ठसा मी पुसट करून टाकला होता. दीडशे वर्षांत गंजाला जे जमलं नव्हतं ते मी दोन रविवारांत केलं. विकायला गेलो तर निम्मी किंमत येईल, म्हणून विकत नाही. कपाटात समोरच ठेवली आहे.

मार्चमध्ये आली ती स्नायडर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठासणीच्या एनफील्डचा मागचा भाग कापून तिथे उजवीकडे उघडणारा ठोकळा बसवायचा, म्हणजे काडतूस मागून भरता येतं. ही कल्पना जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची. ब्रिटिश फौजेने १८६६ मध्ये ती स्वीकारली. नवी बंदूक घडवण्यापेक्षा जुनीच सुधारली. १८७१ नंतर गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री या नव्या बंदुका मिळू लागल्या तेव्हा स्नायडर हिंदी पलटणींकडे सरकल्या. १८५७ नंतर देशी शिपायाच्या हातात एक पिढी मागचंच हत्यार द्यायचं हे ठरलेलं धोरण होतं. नेपाळी दरबाराने मात्र इंग्रजी नमुना समोर ठेवून आपल्याच कारखान्यात स्नायडर घडवल्या. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारात दडलेला हजारो बंदुकांचा साठा २००३ मध्ये विकला गेला, त्यातूनच अशा बंदुका संग्राहकांपर्यंत पोचल्या.

विक्रेत्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, नळीवर 'पौर्वात्य नक्षी'. मी दुकानात नळी खिडकीकडे तिरकी धरली आणि हसूच आलं. नक्षी कसली, देवनागरी! आधी 'नं' आणि पुढे चार आकडे. नेपाळी वळणाचे ५ आणि ८ आपल्यापेक्षा वेगळे असतात, पण इथे ते नव्हतेच, सरळ वाचता येत होतं: १९३१. आता सांगा, साताऱ्याच्या माणसाने अशा वेळी घासाघीस कशी करायची? साडेपाचशे पौंड मोजले आणि घरी आणली.

तीन आठवडे फक्त घाण काढण्यात गेले. काळं, वाळून डिंकासारखं झालेलं ग्रीस. याकची चरबी म्हणतात, खरंखोटं याकला माहीत. घासायचं नाही ही शपथ घेतली होती. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवायची, दुसऱ्या दिवशी बांबूच्या काडीने मऊ झालेलं उचलायचं, पुन्हा चिंधी. गॅरेजला लहानपणच्या स्टोव्हचा वास. पोलादावरचा तांबूस गंज बारीक तेलाने पुसला, खालची तपकिरी काळपट छटा तशीच ठेवली. लाकडाला जवसाच्या तेलाचा हात, इतका पातळ की लावलंय हे बोटालाच कळावं. शेवटी ब्रिटिश म्युझियमने स्वतःसाठी शोधून काढलेलं ते मेण, रेनेसांस वॅक्स. एक डबी आयुष्यभर पुरते, म्हणून तिची किंमत कोणत्याच रकान्यात टाकली नाही.

ठोकळा आता नीट उघडतो. घोडा अर्धा चढवायचा, अंगठ्याने ठोकळा उजवीकडे उलटायचा, मग तसाच मागे ओढायचा. रिकामं काडतूस नळीतून मागे येतं, पण बाहेर पडत नाही. शिपायाला बंदूक उलटी करून ते खाली पाडावं लागे. हे वाचलेलं होतं. रिकाम्या बंदुकीवर चार वेळा तीच हालचाल केली तेव्हा कळलं की उलटी करताना मनगटाला किती पीळ बसतो. ठोकळ्याचा एक स्क्रू झिजलाय. इंग्रजी स्नायडरचा मागवला तर आटेच जुळेनात, कारण हिचे आटे कोणा कारागिराने हाताने पाडलेत. तो स्क्रू आता ड्रॉवरमध्ये. झिजलेलाच परत घातला.

कायद्याचं एकदाच लिहितो. इथे १९६८ च्या कायद्याप्रमाणे शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेली प्राचीन बंदूक परवान्याविना चालते. कोणती काडतुसं कालबाह्य धरायची याची यादी २२ मार्च २०२१ पासून कायद्यातच घातली आहे. स्नायडरचं .५७७ त्यात आहे, पण काही रिव्हॉल्व्हरची काडतुसं त्या वेळी वगळली गेली आणि अनेकांची शोभेची वस्तू परवान्याची झाली. उडवायचा विचार मनात आला तर फायरआर्म सर्टिफिकेट (बंदुकीचा परवाना) आधी, विचार नंतर. आणि भारतात न्यायचा मोह कोणाला झालाच तर आवरा. इथली शोभेची वस्तू मुंबई विमानतळावर बंदूकच असते.

ऑगस्ट. कर्बरो. पहिल्यांदा घड्याळ.

लिचफील्डजवळच्या जुन्या धावपट्टीच्या आवारातला हा छोटासा ट्रॅक. इथे स्प्रिंट होतात, म्हणजे एका वेळी एकच गाडी आणि समोर फक्त वेळ. त्यासाठीचं क्लबमन लायसन्स फुकट मिळतं, हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. तपासणीत बॅटरीच्या निगेटिव्ह वायरला पिवळी पट्टी हवी, ओढायचं कडं रंगवलेलं हवं आणि नाकावर प्रकाशकिरण तोडणारी काळी उभी पट्टी. ती मी मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातून उरलेल्या ॲल्युमिनियमची केली. तपासणीसाने बोटाने टिचकी मारली, हललं नाही, सही.

पहिल्या फेरीत टायर गार, हात गरम. प्रत्येक वळणाला आवाज, धूर, शेपूट बाहेर. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेळ बघितली तर माझ्या वर्गात शेवटून दुसरा. दुपारच्या शेवटच्या फेरीत जेरार्ड्सचे हात आठवले, एकदा वळवून थिजवले. गाडी इतकी गुमान गेली की वाटलं फुकट घालवली फेरी. पहिलीपेक्षा १.४ सेकंद कमी. टाळी एकही नाही.

हिवाळ्याची कामं: पुढचे टायर डावे-उजवे बदलायचे. शर्यतीच्या लायसन्ससाठी आर्ड्स परीक्षा द्यायची, त्यात झेंड्यांच्या प्रश्नांत एकही चूक चालत नाही, म्हणून मुलगी जेवताना रंग विचारते आणि मी अर्थ सांगतो. काळ्यावर नारिंगी गोल, गाडीत बिघाड, आत ये. हा मला परवापर्यंत येत नव्हता.

आणि स्नायडरचे ते चार आकडे. विक्रम संवत १९३१ धरून ५७ वजा केले तर १८७४, म्हणून मी खूश होतो. क्लबातले तेच म्हातारे म्हणाले, शेजारी संवताची खूण नसेल तर तो शस्त्रागारातल्या फळीवरचा अनुक्रमांक समजायचा, साल नव्हे. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं तर त्यांचं तिसरंच: "अरे, 'नं' म्हणजे नंबरच की. आणि तो ३ नाही, २ आहे. खालचं शेपूट बघ." काडीने अजून थोडी घाण काढली की कळेल, पण तिथे ग्रीसखाली ठसा अगदी उथळ आहे आणि मी अजून हात लावलेला नाही. कोणाकडे नेपाळी स्नायडर असेल तर नळीच्या डाव्या बाजूला तिरका उजेड पाडून बघा आणि तुमच्याकडे 'नं' पुढे किती आकडे आहेत ते सांगा.